नास्तिकाचं गाऱ्हाणं

"देव मानतास?"

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी विचारलेला पहिला प्रश्न हा. भाडं, पाणी, मासे शिजवलेले चालतात का, हे सगळं नंतर. मी घाटावरून शिक्षिका म्हणून नुकतीच आले होते. देवबागच्या अलीकडच्या त्या गावात माझ्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि खोली तर हवीच होती. दारावर गणपतीची फरशी बसवलेली, अंगणात तुळस, तिच्यापुढे पणती. काय उत्तर दिलं म्हणजे खोली मिळेल ते उघड दिसत होतं. पण त्या वयात मला माझ्या नास्तिकपणाचा भारी अभिमान. "नाही मानत," मी हनुवटी वर करून म्हटलं.

"बरा झाला. देव मानणारो भाडेकरू पाटे उठान घंटा वाजयता," ते म्हणाले आणि किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा, म्हणून मीही आबाच म्हणू लागले. ते मला 'बाईंनू' म्हणत. मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते, पण शाळेतल्या बाईला एकेरी हाक मारणं त्यांच्या तोंडात बसत नव्हतं.

भर मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, या माणसाच्या गळ्यात लोकरीचा मफलर असे. उमर गेली होती मासळीसाठी बर्फ करणाऱ्या एका कारखान्यात. "थंडी हाडात रवली ती भायर पडूक नाय," असं सांगायचे. मला वाटतं ते थोडं सोंगच होतं. नाक पुसायला, पिशवीचं तोंड बांधायला, बोलताना हाताला चाळा म्हणून त्यांना तो मफलर लागायचा. घरात पंचांग होतं आणि ते रोज उघडलं जायचं, फक्त भरती-ओहोटी काढण्यासाठी. तिथी बघायची, बोटांवर काहीतरी मोजायचं आणि कुणी न विचारता सांगायचं की आज खाडीत पाणी कधी चढणार. "ह्या बुकात तेवढाच खरा आसा," असं म्हणून पंचांग पुन्हा खुंटीला जायचं.

देव न मानणाऱ्या या माणसाच्या घरात देव्हारा मात्र लखलखीत. तो त्यांच्या बायकोचा. मी आले त्याच्या आधीच त्या गेल्या होत्या. दर शनिवारी आबा ते सगळे पितळी देव परातीत घेऊन पडवीत बसत, चिंच लावून घासत, आणि आत नेऊन पुन्हा मांडताना हमखास घोटाळा करत. "ह्यो हय नसता. हय ती कोणाक ठेवी, बाईंनू?" असं मलाच विचारायचे. मला काय माहीत! एकदा मी जरा खवचटपणे म्हटलं, "आबा, नास्तिकाला शोभत नाही हं हे."

"तिची वस्तू आसा," ते परातीतून मान न उचलता म्हणाले. "ती गेली म्हणान काळी पडूक देव?"

तुळशीपुढची पणतीही तशीच. तिथे रस्ता वळतो आणि पंचायतीचा दिवा कायम बंद, असं कारण सांगत. पुढे पंचायतीने नवा दिवा बसवला, लख्ख उजेड झाला, तरी पणती चालूच राहिली.

त्या पहिल्याच नारळीपौर्णिमेला मला खरा धक्का बसला. मच्छीमार त्या दिवशी समुद्राला नारळ देतात. पण त्याआधी दुपारी गावच्या देवळात गाऱ्हाणं होतं. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवासमोर उभं राहून एकाने खड्या आवाजात केलेलं मागणं. तो एकेक वाक्य बोलतो आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतो. नवीन काहीतरी बघायचं म्हणून मी गेले, तर गाभाऱ्यासमोर नारळ हातात घेऊन, मफलर सोडून कमरेला बांधून, कोण उभं? आमचे घरमालक. गाऱ्हाणं घालण्याचा मान पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच घराकडे होता. आणि आवाज असा, की कौलांवरचा पाऊस ऐकू येईनासा झाला.

घरी आल्यावर मी भांडायलाच बसले. ही शुद्ध फसवणूक आहे, तुम्हाला पटत नाही ते तुम्ही लोकांकडून वदवून घेता, वगैरे. आबांनी चहा बशीत ओतला, शांतपणे प्याले आणि विचारलं, "म्हाताऱ्याचा आयकलास?"

ऐकलं होतं. गाऱ्हाण्याच्या मध्येच ते म्हणाले होते, "ह्या गावात एक म्हातारो आसा. तेचे दोन झील, दोन घरा, दोन चुली. दोनय चुलींवरचा अन्न तेच्या ताटात पडात, असा कर रे म्हाराजा!" आणि सगळा गाव "होय म्हाराजा" गरजला होता. त्यात त्या म्हाताऱ्याचे दोन्ही मुलगेही होते. ते न गरजून सांगतात कुणाला! बाजूला शेजारी, मागे मेव्हणे, बायकांमध्ये त्यांच्या बायका. दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्याला दोन्ही घरून डबे यायला लागले.

आबांची सगळी गाऱ्हाणी तशीच असत. देवाने काय करावं हे त्यात फारसं नसायचंच. कोणा गड्याला दारू सुटत नसेल, तर त्याच्या भावांनी त्याला एकटं सोडू नये अशी बुद्धी दे. कोणाची सून माहेरी जाऊन बसली असेल, तर तिला आणायला सासऱ्याने स्वतः जावं अशी बुद्धी दे. नाव घ्यायचे नाहीत, पण कळायचं सगळ्यांना. आणि एकदा देवळात होय म्हटलं की ते करावं लागायचं. बाकीच्या गावांत लोक गाऱ्हाण्याला सवयीने होय म्हणतात, एक डोळा मोबाइलवर ठेवून. आमच्या गावात माणसं कान देऊन ऐकत आणि मग तोंड उघडत. आबांनी त्यांना इतक्या वर्षांत ते वळण लावलं होतं.

"देव काय करता ता माका म्हायत नाय," ते म्हणायचे. "होय म्हटलेलो माणूस काय करता, ता मी बघलंय."

माणूस देवाकडे का जातो, यावर आमचा वाद वर्षानुवर्षं चालला. मी पुस्तकं वाचलेली. भीतीपोटी जातो, मी म्हणायची. मरणाची भीती, पावसाची भीती, अज्ञान. आबांना ते मुळीच मान्य नव्हतं. "भियाल्यार माणूस आवशीक हाक मारता, 'आये!' म्हणान," ते म्हणत. "देवाकडे जाता तो सांगूक. घरात सांगूची चोरी. शेजाऱ्याक सांगला तर तो सकाळी बाजारात विकतलो. देवाकडे सांगलेला खंय जाणा नाय." मग मफलरचं टोक बोटाला गुंडाळत ते पुढे म्हणायचे, "आणि देव नसलो तरी चलता. आयकणारे चार जण होये. गाऱ्हाणा ता चार जणांसाठीच." मला त्यांचं म्हणणं आवडायला लागलं होतं. शाळेत मी ते माझं म्हणून खपवतही असे.

मग पार्वतीकाकीचा मुलगा गेला.

पार्वतीकाकी आमच्या घरामागे राहायची, मालवणच्या बाजारात मासे विकायची. नवरा लवकर वारलेला, एकच मुलगा. उंच, हसरा, मला बघितलं की "बाई, इंग्लिश बोला मां वायच" म्हणून चिडवणारा. पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच फेरीला त्यांची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. बरोबरचे तिघे पोहत किनाऱ्याला लागले. हा लागला नाही. पार खालच्या गावांपर्यंत माणसं किनारा धुंडत गेली, ट्रॉलरवाल्यांना निरोप गेले. प्रेतही मिळालं नाही.

प्रेत नाही म्हणून काकीने मुलाचं काहीच केलं नाही. ना दिवस, ना पिंड. त्याला कोणीतरी मोठ्या बोटीने उचललं असेल, दूर कुठल्या बंदरावर उतरवलं असेल, डोक्याला मार लागून नाव विसरला असेल. असं पूर्वी कुणाचं तरी झालं होतं म्हणे. ती पुन्हा बाजारात बसायला लागली. मुलाच्या चपला दारात होत्या त्या तशाच राहिल्या. समजावायला कोणी गेलं की ती ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "बघलास काय तुमी तेका मेलेलो? नाय मां?"

पुढल्या वर्षीची नारळीपौर्णिमा जवळ आली तशी ती एका सकाळी आमच्या पडवीत येऊन बसली. मी शाळेत निघाले होते, ती थांबले.

"आबांनू, ह्या वर्सा माझ्या झिलाचा गाऱ्हाणा घाला."

"काय घालू?"

"तो घराक येवंदे म्हणान."

आबा खाली बघत म्हणाले, "पारू, जा होवचा नाय ता मी कधी मागूक नाय. लोकांका खोट्याक होय म्हणूक कसो लावू?"

"तुमी देव मानणास नाय."

"नाय."

"मगे खोटा कोणाक सांगतलास?" काकी म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने. "थय देवच नाय, तर आयकतलो कोण? मी. माका चलात."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग होकारार्थी मान हलवली. काकी उठली, पदराने पायरीवरचं पाणी पुसलं आणि गेली.

त्या दुपारी देऊळ गच्च भरलं होतं. मुंबईहून चाकरमानी आलेले, ओल्या छत्र्या दारात पडलेल्या. आबांनी सुरुवात नेहमीसारखी केली. होड्या सुखरूप राहू देत, होय म्हाराजा. जाळ्यांना बरकत दे, होय म्हाराजा. मग ते त्याच आवाजात म्हणाले, "पारवतीचो एकुलतो एक झील दर्यात गेलो, तो अजून येवक नाय. तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

कोणी होय म्हटलं नाही.

मी आजही ती शांतता विसरू शकत नाही. कोणाच्या मनात दुष्टावा नव्हता. उलट माणसांचे चेहरे कसनुसे झाले होते. ते पोहून आलेले तिघे पुढेच उभे होते, त्यांनी माना खाली घातल्या. ते दर्यावर जाणारे लोक. खाडीच्या तोंडाशी पाणी काय करतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि आबांच्या गाऱ्हाण्याला होय म्हटलं की ते खरं करावं लागतं हेही ठाऊक होतं. हे त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून जीभ उचलली नाही. दुसऱ्या कुठल्याही गावात, देव मानणाऱ्या दुसऱ्या कोणीही हे गाऱ्हाणं घातलं असतं, तर लोक सवयीने होय म्हणून मोकळे झाले असते आणि काकी प्रसाद घेऊन घरी गेली असती.

आबांच्याही ते लक्षात आलं. घाईघाईने त्यांनी पुढचं वाक्य घेतलं, पीकपाण्याचं काहीतरी. त्याला सगळा गाव असा ओरडला की भिंती हादरल्या. ते तर अजूनच वाईट झालं. मी वळून पाहिलं तेव्हा काकी खांबापाशी नव्हती.

संध्याकाळी आबा तिच्या घरी गेले, मी बरोबर. ती दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"आबांनू," ती म्हणाली, "दर्यान माझ्या झिलाक न्हेल्यान. पण तो मेलो नाय होतो. मेलो तो आज. देवळात, तुमच्या समोर."

त्यानंतर कित्येक दिवस आबांनी मला वादाला बोलावलं नाही. शनिवारी देव घासायला बसले की घासलेलाच देव पुन्हा घासत बसायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, की हा माणूस स्वतःला इतकं का छळतो! मग एका शनिवारी परातीत हात तसेच ठेवून ते बोलायला लागले.

"बाईंनू, इतकी वर्सा मी तुमका चुकीचा सांगलंय. आयकणारे चार जण होये म्हणालंय. चार जण आयकतत, पण ते गप रवले काय तेचो अर्थ लागता. एका घटकेत लागता. देव गप रवलो तर माणूस म्हणता, आज नाय तर उद्या बोलात. जल्मभर म्हणता." त्यांनी हात धुतले, मफलरला पुसले. "म्हणान माणूस देवाकडे जाता. असा गप रवचा माणसाक जमणा नाय. देवाक जमता, कारण तो नाय."

मी मुलांना काहीबाही सांगते, पण धर्म कशाला लागतो यावर याहून खरं मी अजून कुठे ऐकलेलं नाही. ते ऐकताना मला रडू आलं, आणि आबांनी ते दिसलं नाही असं दाखवलं.

पुढच्या वर्षी त्यांनी मान सोडला. आवाज बसला असं कारण सांगून नारळ चुलतभावाच्या हातात दिला. चुलतभाऊ भाविक आणि भित्रा. त्याने भराभरा पाठ केल्यासारखं गाऱ्हाणं घातलं, लोक होय होय करत गेले, काकीचं नाव त्याने घेतलंच नाही. नारळ फोडायला त्याने हात वर केला आणि मागून, बायकांमधून, आवाज आला.

"माझो झील घराक येवंदे रे म्हाराजा!"

त्या देवळात बाईने गाऱ्हाणं घालायचा रिवाज नाही. सगळे वळून बघायला लागले. काकी खांबाला धरून उभी होती. पुन्हा तीच शांतता पसरायला लागली, आणि इतक्यात दाराजवळून, चपलांच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या माणसाने एकट्याने म्हटलं, "होय म्हाराजा!"

आबांना मी कितीदा गाऱ्हाणं घालताना ऐकलं होतं. होय म्हणताना कधीच नाही. देवळात ते गाभाऱ्याकडे तोंड करून उभे राहत, होय म्हणणारे त्यांच्या पाठीमागे असत. आता आवाज खरोखरच फुटका निघाला. दुसरं कोणीही बोललं नाही. चुलतभावाने गडबडीत नारळ फोडला.

बाहेर आल्यावर काकी सरळ आमच्यासमोर आली. डोळे कोरडे होते.

"तुमच्या एकट्याचा होय घेवन मी काय करू?" तिने विचारलं. "तुमी तर देव मानणास नाय."

"नाय मानणय."

"मगे?"

"तू म्हटलंस, म्हणान मी म्हटलंय," आबा म्हणाले.

ती वळली आणि चालू लागली. मी वाटेत आबांना विचारलं, की खोट्याला होय म्हणायचं नाही हे तुम्ही जन्मभर पाळलंत, त्याचं काय? ते चिखलातून जपून पाय टाकत होते. "खरा एकदा वागान बघलंय मां," ते म्हणाले. "काय झाला ता तुमी बघलास."

मग दरवर्षी तसंच होत गेलं. गाऱ्हाणं संपायचं, काकी तिचं एक वाक्य बोलायची, आबा दाराजवळून एकटे होय म्हणायचे. गावाला सवय झाली. सुट्टीवर आलेली पोरं सुरुवातीला मोबाइल वर धरायची, मग तेही थांबलं. एका वर्षी त्या पोहून आलेल्या तिघांपैकी एकाचे ओठ हललेले मी पाहिले, पण आवाज निघाला नाही. एरवी काकी आबांशी बोलत नसे. रस्त्यात दिसले तर पाटी डोक्यावर सावरत दुसरीकडे बघायची. फक्त त्या एका दुपारी, तोंड उघडण्याआधी, ती दाराकडे बघून घ्यायची.

माझी बदली कुडाळला झाली, तरी नारळीपौर्णिमेला मी जात राहिले. गेल्या उन्हाळ्यात आबांच्या छातीत कफ झाला आणि ते त्यातून उठले नाहीत. शेवटच्या दिवसांत मी जवळ होते. चुलतभावाने भीत भीत विचारलं, विधी करू ना रे तुझे? आबांना बोलताना धाप लागत होती, पण म्हणाले, "तुका काय करूचा ता कर. मी बघूक येवचंय नाय." आम्ही सगळे हसलो, आणि मी तशीच मागच्या दारी गेले, कारण हसणं थांबेना आणि त्याचं रडणं झालं. त्यांना नेलं त्या दिवशी काकी आली नाही. तिच्या घराचं दार लावलेलं होतं.

यंदाच्या नारळीपौर्णिमेला मी देवळात उभी होते. चुलतभावाने गाऱ्हाणं संपवलं आणि नारळ फोडायचा हात खाली घेऊन तो स्वतःहून थांबला. काकी खांबापाशी होती. तिने दाराकडे बघितलं. सगळा गाव तिच्या वाक्याची वाट बघत होता. मी शपथेवर सांगते, या वर्षी त्यांनी होय म्हटलं असतं. ते तिघे माना वर करून तयार उभे होते. मी पण होते. पावसाचा जोर वाढला, कोणीतरी खोकलं, आणि काकी बोलली नाही. चुलतभावाने आणखी थोडा वेळ वाट पाहिली आणि नारळ फोडला.

मिरवणूक किनाऱ्याकडे निघाली. मी गर्दीतून वाट काढत तिला पायऱ्यांवर गाठलं.

"काकी, यंदा मागितलं नाहीस?"

ती छत्री उघडत होती. काडी अडकली होती, ती सोडवण्यात तिने बराच वेळ घालवला.

"होय म्हणणारो गेलो मां, बाईंनू," ती म्हणाली. "आता झिलाचा काय ता, दिवस-पिंड, करून घेतंय."

लोक समुद्राकडे चालले होते, आणि ती घराकडे वळली.